शर्लीच्या निरोपाचा फोटो

टेगन हसली. नुसती गालातल्या गालात नाही, चांगली मोठ्यानं. आणि डेव्ही स्ट्रीटवरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

खोलीत हसायला बंदी होती असं नाही. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्या माणसांचे ईमेल वाचत बसलं की माणूस आपोआप गप्प होत जातो. बाहेर हॉबार्टचा जुलै होता, म्हणजे ऐन हिवाळा. डोंगरावर बर्फ पडून गेलं होतं, खाली शहरात नुसती भुरभुर, आणि खोलीतला एकुलता एक हीटर टेगनच्या टेबलापासून सगळ्यांत लांब होता.

"फ्रिजमधला चोर ना?" पार्टिशनपलीकडून कुणीतरी हळूच विचारलं.

टेगननं डोळे पुसले. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्या ढिगात हसण्यासारखं दुसरं काही नाही. कुठवर आलात?"

"शर्लीनं अख्ख्या ऑफिसला लिहिलंय. ज्यानं माझं सँडविच खाल्लं त्याच्या माहितीसाठी, ते माझ्या कुत्र्याचं होतं आणि त्यात जंताचं औषध होतं."

"मग आता पुढे जाऊ नका. म्हणजे... जा. पण चोर कोण ते आधी ओळखून बघा. मला नाही जमलं."

टेगन उठून पार्टिशनवरून डोकावली. पलीकडे एक उंच, किडकिडीत मुलगा बसला होता. हिरवा स्वेटर, एका कोपरावर विरलेला. त्यानं वर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. नुसते कानच; बाकी चेहरा अगदी शांत. टेगनला याची गंमत वाटली आणि ती जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिली.

"मी यानेक," तो म्हणाला. "नवीन आहे. म्हणजे... आठवडा झाला येऊन. पण कुणी मान वर केली नव्हती."

"मी टेगन. आणि तो सगळा गठ्ठा रद्दीचा आहे. रद्दी तुम्ही शेवटपर्यंत वाचता?"

"तुम्ही नाही वाचत?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं, आणि म्हणूनच ते टेगनला लागलं. ती खाली बसली, आणि केवळ हट्टानं गठ्ठ्याच्या शेवटापर्यंत गेली. चोर निघाला कॉलिन. त्यानं सगळ्यांसमोर कबुली दिली होती, शर्लीसाठी कोकराची अख्खी तंगडी भाजून आणली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'जंत गेले असावेत, तब्येत उत्तम आहे.' टेगन पुन्हा हसणार तोच तिचं लक्ष आडनावाकडे गेलं, आणि तिचं हसू आतल्या आत विरलं. हा तोच कॉलिन होता.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात, पश्चिम किनाऱ्याकडच्या गॉर्मन्स क्रीक नावाच्या गावात, खाणीचा गाळ साठवायचं धरण फुटलं. भिंतीखाली काम करणारे दोघं त्या गाळात गेले. एक कॉलिन, दुसरा विन्स. मग सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि खाणकंपनीकडून गेल्या काही वर्षांतला प्रत्येक कागद मागवून घेतला. कागद म्हणायचं आपलं, सगळं कॉम्प्युटरवरच. ईमेल, अहवाल, पगारपत्रकं, फुटबॉलच्या पैजा, कुणाच्या बाळाचं बारसं, सगळं एकाच ढिगात. लाखो कागद. टेगन आणि तिच्यासारखी दहा-बारा पोरं तो ढीग उपसत होती. एकेक उघडायचा, आणि भिंतीशी संबंध असेल तर 'कामाचा', नाहीतर 'रद्दी' अशी खूण करायची.

टेगन त्या खोलीतली सगळ्यांत वेगवान. पहिल्या दोन ओळी, शेवटची ओळ, खूण, पुढचा. यानेक सगळ्यांत सावकाश.

हे सगळं चाललं होतं ते एका माणसाच्या नावासाठी. रेज फाउलर, त्या पाळीचा मुकादम. रेजचं म्हणणं एकच होतं. भिंत गुरुवारी फुटली. मंगळवारीच मी मॅनेजरला सांगितलं होतं, भिंतीतून पाणी झिरपतंय, माणसं खाली पाठवू नका. मॅनेजर डेनिस म्हणत होता, मंगळवारी मी ऑफिसात नव्हतोच, बर्नी शहरात गेलो होतो, मला कुणी काही सांगितलेलं नाही. कागदोपत्री काहीच नव्हतं. ते तसंच राहिलं असतं, तर मुकादम गप्प बसला आणि दोन माणसं गेली, असंच अहवालात छापून आलं असतं.

आणि रेज रोज यायचा. सुनावणी त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. इस्त्रीचा शर्ट, एका कानात यंत्र, सुरुंगांच्या आवाजानं गेलेला दुसरा कान. लिफ्टमध्ये भेटला की मान तुकवून गारठ्याबद्दल काहीतरी बोलायचा. साक्षीदारांशी एक शब्द बोलायचा नाही असा वरच्या मजल्यावरच्यांना सक्त हुकूम, त्यामुळे टेगन बुटांकडे बघत उभी राहायची.

"तुमच्या मजल्यावर सगळे मुकेच भरती करतात का गं, पोरी?" एकदा त्यानं विचारलं.

टेगनला हसू आलं आणि रडूही. तिनं दोन्ही गिळून टाकलं.

*

यानेकचं आणि तिचं पहिलं भांडण कॉम्प्युटरवरच झालं. नियम असा, की प्रत्येकाच्या कामातले थोडे कागद दुसऱ्यानं पुन्हा तपासायचे. टेगनचे कागद यानेककडे गेले आणि तिच्या खुणांशेजारी त्याचे शेरे उमटायला लागले.

'घाई झाली का?'

'तुम्हाला उशीर होतोय का?' तिनं खाली लिहिलं.

'या पत्राची शेवटची ओळ फार सुंदर आहे.'

'सुंदर असणं हा नियमात बसणारा मुद्दा नाही.'

'बसायला हवा होता.'

असं आठवडाभर चाललं. टेगन सकाळी आल्या आल्या आधी शेरे उघडायची आणि मग कोट काढायची. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त या दोघांना.

शेवटी बर्निसनं दोघांना आपल्या टेबलाशी बोलावलं. बर्निस त्यांची प्रमुख; वकिलीत केस पांढरे झालेली, चष्मा दोरीनं गळ्यात.

"तुम्ही तिथं जे टाइप करता," ती म्हणाली, "ते पुसता येत नाही. उद्या समोरच्या वकिलानं आमचे शेरे मागितले तर भर सुनावणीत उभं राहून 'बसायला हवा होता' हे मला वाचून दाखवावं लागेल. माझ्या वयाचा तरी विचार करा रे. जे काय असेल ते तोंडानं बोला."

"तसं काही नाहीये, बर्निस," टेगन म्हणाली.

"नाहीच आहे," यानेक म्हणाला. कान लाल.

"नसेल तर प्रश्नच मिटला," बर्निसनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "जा कामाला."

आणि तोंडानं बोलायचं म्हटल्यावर दोघांची वाचाच बसली. दोन दिवस नुसतं 'चहा घेणार?' आणि 'नको, झाला' एवढंच. तिसऱ्या दिवशी टेगनच्या पडद्यावर विन्सची पत्रं आली.

विन्स भिंतीवर कामाला होता आणि मॅरियन पगाराच्या खिडकीत. रोजचा एक-दोन ओळींचा मजकूर. 'भिंतीकडे जाताना तुझ्या खिडकीवरून जातो, तू वर बघत नाहीस.' 'कामं असतात लोकांना.' 'आज बघितलंस.' 'पाऊस बघत होते.' टेगनचं बोट 'रद्दी'वर होतं. पण ते दाबवेना. ती वाचत गेली. 'शनिवारी जेवायला येतेस का?' 'या शनिवारी भाचीचा वाढदिवस आहे, पुढच्या येते.' 'बरं, पुढच्या, एक सांगायचंय, तेव्हाच सांगीन.' हे शेवटचं पत्र बुधवारचं होतं.

पार्टिशनवर डोकं टेकून ती हळूच म्हणाली, "यानेक... तू विन्सचं वाचलंस?"

"सगळं," तो म्हणाला. "त्याला पुढचा दिवस माहीत नव्हता. आपल्याला आहे. म्हणून मला घाई करवत नाही. त्याचं वाचणारं आता कोण उरलंय?"

इतके महिने टेगन ढीग उपसत होती. त्या ढिगात एक अख्खं गाव राहतंय, जेवतंय, भांडतंय, प्रेमात पडतंय, हे तिला आज दिसलं. आणि हा किडकिडीत मुलगा त्या गावात रोज कसा टोपी काढून शिरतो, हेही तिला आज दिसलं. त्या संध्याकाळी दोघं चालत बंदरापर्यंत गेली. त्याचे आजोबा पोलंडहून इथली धरणं बांधायला आले होते, असं त्यानं सांगितलं. भिंत कधी अचानक फुटत नाही, आधी कुणाला ना कुणाला सांगते, असं ते म्हणायचे.

"मग रेज खोटं बोलत नाहीये," टेगन म्हणाली.

"आपण असं बोलायचं नसतं."

"माहितीये. फक्त तुला सांगतेय."

*

पुढच्या आठवड्यात मॅरियनची साक्ष झाली. वरच्या मजल्यावर ती पडद्यावर दिसत होती. लहानखुरी बाई, हात मांडीवर घट्ट. डेनिस त्या मंगळवारी ऑफिसात होता, चहाच्या खोलीत शर्लीच्या निवृत्तीचा केक कापत होते तेव्हा मी त्याला पाहिलं, असं ती म्हणाली. चहाच्या खोलीत बाकीचे जे होते त्यांची नोकरी अजून त्याच कंपनीत. त्यांना काही आठवत नव्हतं. शर्लीला स्वतःचा केक आठवत होता, डेनिस मात्र नाही; तो असला काय, नसला काय, सारखंच, असं म्हणून तिनं सगळ्यांना हसवलं होतं. उरली एकटी मॅरियन.

कंपनीचा वकील आवाज चढवणारा नव्हता. त्यानं अगदी मऊपणे विचारलं, "गेलेले विन्स तुमचे कोण होते?"

मॅरियननं तोंड उघडलं. मिटलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "म्हणजे... तसं ठरलं नव्हतं काही."

दुःखात माणसाची आठवण फसवी होते, असं काहीसं बोलून वकील खाली बसला. टेगननं शेजारी पाहिलं. यानेकचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

शुक्रवारी रेजची पाळी आली.

"मी पत्रं लिहिणारा माणूस नाही," रेज सांगत होता. "चहाच्या खोलीत पांढरा फळा आहे, त्यावर लिहिलं. तीन नंबरची भिंत, पाणी वाढतंय, खाली माणूस नको. आणि डेनिसला तोंडानंही सांगितलं. शर्लीचा शेवटचा दिवस होता, केक कापत होते. त्याच्या हातात बशी होती."

"मिस्टर फाउलर, लाखो कागद शोधून झाले," वकील म्हणाला. "प्रत्येक शब्द शोधला. भिंत, पाणी, गळती. त्या दिवशीच्या एकाही कागदात तुमचा हा फळा नाही."

रेजनं यंत्राचा कान पुढे केला, मग मान हलवली. "नसेल," तो म्हणाला आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

सोमवारी शेवटची बैठक होती. त्यानंतर नवा पुरावा घेणार नव्हते.

पडदा बंद झाला. टेगनच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. निवृत्तीचा केक. शर्लीसारखी बाई. असल्या बाया केक कापताना काय करतात?

"फोटो," ती म्हणाली. अगदी त्याच वेळी पार्टिशनपलीकडून यानेकही तेच म्हणाला.

शब्द शोधणाऱ्या यंत्राला फोटोतलं काही दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं फोटो म्हणजे कोरा कागद. म्हणून ज्यात अक्षर नाही असे सगळे फोटो दोन्ही बाजूंच्या संमतीनं सुरुवातीलाच एका कोपऱ्यात सारून ठेवले होते. कुणी एकानंही ते उघडले नव्हते. किती होते ते ऐकूनच बर्निसनं कपाळाला हात लावला.

"आणि तारखेप्रमाणे लावलेलेही नाहीत," ती म्हणाली. "उद्या शनिवार आहे, पोरांनो. कुणाला या म्हणायचा मला हक्क नाही."

"मी येईन," टेगन म्हणाली.

"मी पण," यानेक म्हणाला. "मी सावकाश बघतो, पण येईन."

*

शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. खाली सलामांकाच्या बाजारातून कुणाच्या तरी व्हायोलिनचे सूर आणि भाजलेल्या सॉसेजचा वास वर येत होता. खोलीत ही दोघंच. दोन खुर्च्या एका पडद्यासमोर ओढलेल्या, मध्ये चहाचा थर्मास. फोटो टेगन पुढे सरकवणार, बघायचे दोघांनी.

आणि मग ते गाव त्यांच्यासमोर उघडत गेलं. बर्फानं झाकलेल्या गाड्या. पट्टा तुटलेलं यंत्र. हातभर लांब मासा आणि त्याला धरून उभा असलेला बुटका माणूस. नवं बाळ. चिखलातले बूट, शंभर वेळा चिखलातले बूट. शर्लीचा कुत्रा, चांगला गलेलठ्ठ. दोघं 'हा बघ', 'ही बघ' करत होती, आणि हळूहळू तेही थांबलं. ज्यांची पत्रं इतके महिने वाचली त्यांना चेहरे मिळत होते. नारिंगी शर्टाच्या खिशावर नावं शिवलेली असायची. एका फोटोत कॉलिन होता, तोंडात अख्खं सँडविच. टेगननं हात तोंडावर धरला. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी तिला वाटत होतं, आणि ती देवळात जाणाऱ्यांपैकी नव्हती.

"थकलीस?" यानेकनं विचारलं.

"नाही रे. मला वाटत होतं आपण पुरावा शोधतोय. हे तर..." तिला पुढे शब्द सापडला नाही.

"हो," तो म्हणाला. त्याला कळलं होतं.

दुपार झाली. तिचं बोट पुन्हा सवयीनं भरभर चालायला लागलं. केक गेला, टोप्या गेल्या, फुगे गेले...

"थांब," यानेक म्हणाला. "मागे जा. विन्स होता."

ती मागे गेली. चहाची खोली. टेबलावर साय आणि स्ट्रॉबेरी घातलेला मोठा पॅव्हलोव्हा केक, सुरी धरून मधोमध शर्ली, तिच्या शेजारी कॉलिन, भोवती सात-आठ माणसं, बहुतेकांची तोंडं कॅमेऱ्याकडे. विन्सचं नव्हतं. तो डाव्या कोपऱ्यात उभा होता, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बशा मांडणाऱ्या मॅरियनकडे बघत होता. मॅरियन खाली बघून हसत होती. तिला ठाऊक होतं की तो बघतोय.

दोघं तो फोटो बघत राहिली. कामाचा म्हणून नाही. नजर काढवेना म्हणून. एखाद्यानं एखाद्याकडे असं बघावं आणि ते जगात कुठंतरी टिपलं जावं, लाखो कोऱ्या कागदांच्या तळाशी पडून राहावं, आणि दोन अनोळखी माणसांनी शनिवारच्या उन्हात ते उघडावं. यानेक आता पडद्याकडे बघत नाहीये हे टेगनला मान न वळवता कळत होतं.

"यानेक," ती कुजबुजली, "माझ्याकडे काय बघतोस?"

"काही नाही. म्हणजे..."

"फोटो बघ."

"बघतो."

"नीट बघ. विन्सच्या डोक्यावर."

विन्सच्या डोक्यामागे पांढरा फळा होता. त्यावर निळ्या शाईत, मोठ्या ओबडधोबड अक्षरांत, तीन ओळी. तीन नंबरची भिंत. पाणी वाढतंय. खाली माणूस नको. आणि फळ्यापासून हातभर अंतरावर, केकची बशी धरून, मान वर करून तेच वाचत असलेला माणूस डेनिस होता. फोटो कधी काढला ते त्याच्याबरोबरच नोंदलेलं होतं. मंगळवार, सकाळ.

यानेकनं थर्मास उचलला आणि तसाच पुन्हा खाली ठेवला. टेगनचा हात त्याच्या बाहीवर होता. तो तिथं कधी गेला, ते तिला माहीत नव्हतं.

बर्निस बाजारातच होती. फोन केल्यावर दहा मिनिटांत धापा टाकत वर आली. काखेत कांद्याच्या पातीची जुडी, कोटावर पीठ. तिनं जुडी टेबलावर ठेवली, चष्मा लावला, आणि फळ्यावरच्या तिन्ही ओळी पुटपुटत वाचल्या.

"आता कुणी कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "नोंद करायची आहे. पहिल्यांदा कुणाला दिसलं?"

"हिला," यानेक म्हणाला.

"याला," टेगन म्हणाली. "यानं थांबवलं म्हणून."

"का थांबवलंस?"

यानेकनं विन्सकडे बोट दाखवलं. बर्निसनं फोटो पुन्हा पाहिला. विन्सकडे, मग मॅरियनकडे, मग या दोघांकडे. चष्मा काढून तिनं तो बराच वेळ पुसला.

*

सोमवारी तो फोटो सुनावणीच्या मोठ्या पडद्यावर लागला. कंपनीच्या वकिलानं बसल्या जागी कागद आवरायला घेतले. डेनिस काहीतरी पुटपुटला, ते नीट ऐकूही आलं नाही. रेज उभा राहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण उभा होता आणि फळ्याकडे नाही, कॉलिन आणि विन्सकडे बघत होता. मागच्या रांगेतून मॅरियन उठली आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन थांबली. तिला बस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आठवड्याच्या शेवटी ढीग बंद झाला. बर्निसनं सगळ्यांकडून ओळखपत्रं घेतली आणि एकेका कागदावर सह्या घेतल्या. इथं जे वाचलं, पाहिलं, कुणाला काय सापडलं, त्यातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही. अहवाल आल्यावरही नाही, कधीच नाही. यानेकला पुढचं काम पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनला मिळालं होतं. परवाचं विमान.

दोघं बंदरावर गेली. तिथल्या तरंगत्या दुकानातून मासे आणि चिप्स घेऊन बाकावर बसली. वारा बोचरा होता, सीगल पक्षी पायाशी घोटाळत होते, आणि दोघांपैकी कुणीच डार्विनचं नाव काढत नव्हतं.

"वरच्या मजल्यावरचे मुके ना तुम्ही?"

रेज. हातात कागदात गुंडाळलेले मासे. तो शेजारच्या बाकावर टेकला.

"आता तरी बोलायची परवानगी आहे का?"

"कशाबद्दल त्यावर आहे," टेगन म्हणाली.

"माशांबद्दल?"

"माशांबद्दल आहे."

"मग मासे बरे आहेत," रेज म्हणाला आणि खायला लागला. थोड्या वेळानं पाण्याकडे बघत तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलू लागला. "वर्षभर पाव आणायला गेलो की दुकानात लोक पाठ करायचे. काल कॉलिनच्या बायकोनं माझा हात धरला. रस्त्यात. सगळ्यांसमोर." त्यानं लिंबू पिळलं. "मला वाटायचं वर मशीन बसवलंय, ते शोधतं. पण तुमच्या त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, मशीनला फोटो दिसत नाही. म्हणजे माणूसच. कुणीतरी माणूस बसला आणि एकेक करून बघत गेला. ओळख ना पाळख. कोण असेल हो?"

टेगनच्या घशात चिप अडकली. यानेकनं मान खाली घातली. कान आता पार जांभळे.

"सांगू नका, तुम्हाला तरी काय माहीत असणार," रेज म्हणाला. "पण भेटला तर त्याला काय सांगायचं याचा मी रोज गाडीत विचार करतो. आणि रोज घर येतं, पण काही सुचत नाही." तो उठला, टोपी सारखी केली. दोघांना मान तुकवली, लिफ्टमध्ये तुकवायचा त्याहून जरा जास्त, आणि गाडीकडे चालायला लागला.

तो गेल्यावर टेगन रडली. चांगली, नाक ओढत. यानेकनं आपला रुमाल दिला, त्याला माशाचा वास होता.

"हे मला कुणालाच सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आईला नाही, बहिणीला नाही. म्हातारी झाले तरी नाही. एवढी मोठी गोष्ट झाली माझ्या हातून, आणि जगात एकच माणूस आहे ज्याच्याशी मी ती बोलू शकते. आणि तो परवा डार्विनला चाललाय."

यानेक चिप्सच्या कागदाला घड्या घालत बसला. टेगन थांबली. याला वेळ लागतो, हे तिला आता ठाऊक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कसलीच घाई नव्हती.

"मी जात नाही," तो म्हणाला. "मी... टेगन, मला तू आवडतेस. खूप. हे मला पुढच्या शनिवारवर टाकायचं नाहीये. मला तुझ्याशी हे बोलत राहायचंय. नुसतं हेच नाही, सगळंच."

"डार्विनचं काम?"

"ते दुसरं कुणीतरी करेल. भरभर करेल."

ती हसली, रडता रडताच, आणि सीगल उडाले. समोर रेजची जुनी गाडी वळण घेऊन पश्चिमेच्या रस्त्याला लागली होती. ती डोंगराआड दिसेनाशी होईपर्यंत दोघं बघत राहिली. मग टेगननं आपला गारठलेला हात त्याच्या कोटाच्या खिशात घातला, आणि आत त्याचा हात होताच.